टिपणीसांचे शटडाउन

टिपणीस कोणालाही ‘कसे आहात’ असे विचारत नसत. ते शर्टाच्या खिशातून फोन काढत, समोरच्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर धरत आणि म्हणत, “बे मिनिटांचा आहे. जोई लो.” मग आपण जिन्यात असू, दुधाच्या रांगेत असू किंवा कोणाच्या तेराव्याला पानावर बसलेलो असू, दोन मिनिटे हलायची सोय नसे. फोनमध्ये पांढरा कोट घातलेला एखादा माणूस बोट वर करून आपल्या यकृताबद्दल, गुडघ्यांबद्दल किंवा आपण आजवर चुकीच्या कुशीवर झोपत आल्याबद्दल बोलत असे. तो थांबला की टिपणीस फोन खिशात ठेवत आणि आपल्याकडे असे बघत, की यकृत सुधारायला एव्हाना सुरुवात झाली असेलच.

माझी त्यांची पहिली भेटही अशीच झाली. मी महाविद्यालयात इतिहास शिकवत असे. निवृत्त झाल्यावर आम्ही बडोद्यात समामधल्या एका सोसायटीत राहायला आलो. टेम्पोतून सामान उतरत होते आणि पुस्तकांचे खोके उचलायला मी वाकलो, तेवढ्यात मागून आवाज आला, “थांबा. कंबरेतून नाही, गुडघ्यांतून.” वळून पाहिले तर करड्या मिशीचे, भल्या सकाळी इस्त्रीची पँट आणि जाड तळाचे बूट घातलेले एक उंच गृहस्थ उभे. त्यांनी स्वतःचे नाव सांगितले नाही, फोन काढला. ओझे कसे उचलावे याचा व्हिडिओ होता. मी पाहिला, टेम्पोवाल्याने पाहिला, दोन्ही हमालांनी पाहिला. पाहून झाल्यावर हमालांनी खोकी नेहमीसारखी डोक्यावर घेतली आणि चालू लागले. टिपणीस त्यांच्या पाठीकडे बघत दुःखाने म्हणाले, “या लोकांची कंबर पन्नाशीत जाणार.” त्यांतला एक हमाल चांगला साठीचा होता.

हळूहळू बाकीची माहिती मिळाली. टिपणीसांचे पणजोबा बडोदे संस्थानाच्या खानगी खात्यात होते. तिथे ते नेमके कोण होते हे घरात कोणालाच नक्की ठाऊक नव्हते; पण टिपणीस ज्या स्वरात हे सांगत त्यावरून निदान हत्तींच्या चाऱ्याचा हिशेब तरी त्यांच्याकडे असावा. स्वतः टिपणीस बाजव्याकडच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात सुरक्षा विभागात होते. तिथे रोज सकाळी पाळी सुरू होण्याआधी ते कामगारांना उभे करून पाच मिनिटे बोलत : हेल्मेट, बूट, पट्टा, आग, धूर, पळायची वाट. तीस-पस्तीस वर्षे समोर माणसे उभी राहून ऐकत असली, की तो माणूस निवृत्त होतो म्हणजे नेमके काय होते, याचा कारखान्याने विचार केलेला नसतो. माणसे निघून जातात आणि भाषण उरते. टिपणीसांच्या उरलेल्या भाषणाला फोनने विषय पुरवला.

शरीराबद्दल बोलताना ते कारखान्याचीच भाषा वापरत. हृदय म्हणजे पंप. रक्तवाहिन्या म्हणजे पाइपलाइन. मूत्रपिंड हे फिल्टर आणि यकृत हे युनिट नंबर चार. तीन का नाही, ते कधी कळले नाही. माझ्या पत्नीला एकदा पित्ताचा त्रास झाला तेव्हा ते दारात उभे राहून म्हणाले, “वहिनी, तुमचा एक व्हॉल्व्ह पासिंग करतोय. म्हणजे गळतोय.” आजारी माणसाला असे ऐकून बरे वाटत नाही, पण हसू येते, आणि तेही थोडेफार औषधच आहे. हे वाक्य मी त्यांना ऐकवले असते तर त्यांनी लगेच हसण्याच्या फायद्यांचा व्हिडिओ काढला असता, म्हणून मी गप्प राहिलो.

नवरात्रात सोसायटीच्या चौकात गरबा असे. पहिल्याच वर्षी मी पाहिले की फेर ऐन रंगात आला असताना ढोल थांबला. सगळ्यांना वाटले ढोल फुटला. टिपणीस माइकपाशी उभे होते. त्यांनी बायाबापड्यांना, घागऱ्यातल्या पोरींना आणि घामाने निथळणाऱ्या ढोलवाल्याला शांतपणे सांगितले, की घामातून मीठही जाते, तेव्हा नुसते पाणी पिऊ नका, आणि पलीकडच्या टेबलावर साखर-मिठाचे पाणी करून ठेवले आहे. मग ते म्हणाले, “हवे चालू करा.” ढोल चालू झाला. लोक चिडले होते, पण पिंप मात्र आरतीपूर्वीच रिकामे झाले.

खरी अडचण हीच होती. टिपणीसांचे सगळे व्हिडिओ खोटे असते तर त्यांची टिंगल करून मोकळे होता आले असते. पण आमच्या वॉचमनच्या हातावर उकळता चहा सांडला तेव्हा सगळे टूथपेस्ट शोधत असताना टिपणीसांनी त्याचा हात नळाखाली धरला आणि बराच वेळ सोडला नाही. ते त्यांनी फोनवरच पाहिलेले होते आणि ते बरोबर होते. त्याच फोनवर, त्याच दिवशी, त्याच श्रद्धेने त्यांनी बेंबीत तेल घातल्याने दृष्टी सुधारते हेही पाहिले होते. खरे सांगणाऱ्याला आणि खोटे सांगणाऱ्याला पांढरा कोट सारखाच शोभतो. दोघांच्याही मागे बासरी वाजते. दोघांच्याही डोक्यावर लाल बाण असतो. टिपणीस दोघांनाही सारखाच मान देत, कारण दोघेही त्यांना उभे करून ऐकवत होते, आणि ऐकणे म्हणजे काय ते त्यांना कारखान्याने शिकवले होते.

रविवारी सकाळी आम्ही फिरून येताना शेवउसळीच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, थांबत असू. टिपणीस थांबत ते अभ्यासासाठी, असे ते सांगत. तर्रीवर तरंगणाऱ्या तेलाकडे बोट दाखवून ते लारीवाल्याला त्याच तेलाचा व्हिडिओ दाखवत. लारीवाला अदबीने बघे आणि विचारे, “साहेब, शेव वधारे?” टिपणीस म्हणत, “थोडी.” पहिली डिश ते विरोध म्हणून खात. दुसरी का खात, हे मी एकदा विचारले. ते म्हणाले, “प्रोफेसर, नमुना एकच घेतला तर निष्कर्ष काढता येत नाही.”

आता त्यांच्या पत्नीबद्दल सांगायला हवे, कारण पुढची गोष्ट तिची आहे. सुलभावहिनी बुटक्या, गोऱ्या, कमी बोलणाऱ्या. गुडघे दुखत असल्याने त्या जिना उतरताना बाजूने उतरत. टिपणीसांचे व्हिडिओ त्या बघत नसत. स्वयंपाक करता करता ऐकत आणि मधूनच एखादे वाक्य टाकत. पांढऱ्या कोटातला एक माणूस सकाळी उपाशीपोटी काय काय प्यावे ते सांगत असताना त्या आतून म्हणाल्या होत्या, “एवढं सगळं प्यायल्यावर उपाशीपोटी राहिलं कुठलं?”

टिपणीसांना रक्तदाब होता आणि पाणीगेटच्या डॉक्टर मनुभाईंची एक गोळी रोज सकाळी असे. मनुभाई हे टिपणीसांच्या वडिलांपासूनचे डॉक्टर. जुन्या घराचा पहिला मजला, चढायला लाकडी उभा दादर आणि वर एक म्हातारा माणूस, जो तपासतो, लिहितो आणि बोलत नाही. दर भेटीत शेवटी तीनच शब्द : “गोळी चालू राखजो.” टिपणीसांची याबद्दल कायम तक्रार असे. ते म्हणत, “हा माणूस समजावत नाही. पंप का बिघडला, प्रेशर का वाढलं, काही नाही. आमच्याकडे साध्या फिटरला पण आम्ही कारण सांगत होतो ने.”

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर एका सकाळी टिपणीसांनी मला जिन्यात गाठले आणि फोन न काढताच बोलायला सुरुवात केली. तेव्हाच मला काळजी वाटायला हवी होती. ते म्हणाले, “प्रोफेसर, आमचा प्लांट ठरावीक दिवशी बंद व्हायचा. शटडाउन. सगळं थांबवायचं, आतून धुवायचं, गाळ काढायचा, मग परत चालू. न धुता चालवलं तर एक दिवस फुटतो. बराबर?” मी म्हटले, बरोबर असेल. “मग या शरीराला आजपर्यंत कोणी शटडाउन दिलंय?”

त्यांनी शटडाउन दिले होते. गोळी बंद. सकाळी दुधीचा रस, दुपारी दुधीचा रस. हे त्यांना एका धबधब्यासमोर उभ्या असलेल्या गृहस्थाने सांगितले होते. तो म्हणत होता की गोळ्यांचा गाळ साचतो. गाळ हा शब्द त्याने वापरला नसता तर कदाचित टिपणीस वाचले असते. पण गाळ म्हटल्यावर सुरक्षा विभागातल्या माणसाला दुसरे काही ऐकू येईना.

मी म्हटले, निदान रोज रक्तदाब तरी मोजा. घरात यंत्र आहे. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिले. “शटडाउनमध्ये गेजचं रीडिंग धरत नाहीत.”

मी माझ्या परीने प्रयत्न केला. रक्तदाबावरचे एक चांगले पुस्तक माझ्याकडे होते. त्यातल्या प्रकरणावर खूण घालून नेऊन दिले. टिपणीसांनी ते हातात घेऊन त्याचे वजन केले आणि विचारले, “याचा व्हिडिओ आहे?” मी त्यांना तोंडी समजावले. ते ऐकून घेत आणि मी थांबलो की म्हणत, “हे तुम्ही कुठे पाहिलंत?” मी म्हणे, वाचले. मग विषय संपे. जन्मभर वर्गात बोलूनही माझ्या बोलण्याला इतके कमी वजन असेल याची मला कल्पना नव्हती. विद्यार्थ्यांना असावी.

आठवड्याभरात त्यांचा चेहरा लालसर दिसू लागला. ते त्याला तेज म्हणत. डोके दुखे, ते म्हणत, गाळ सुटतोय. फिरायला जाताना ते मधेच झाडाला हात लावून उभे राहत आणि झाडाबद्दल काही तरी बोलत, म्हणजे आपण झाडासाठी थांबलो असे वाटावे.

एक दिवस ते बँकेत गेलेले असताना सुलभावहिनी आमच्याकडे आल्या. बसल्या नाहीत. त्यांचे सासरे अर्धांगवायूने पडले होते ते मला माहीत होते, पण कशामुळे ते माहीत नव्हते. वहिनींनी सांगितले. तेही बीपीची गोळी सोडून बसले होते. त्यांना तेव्हा फोनने नव्हे, नात्यातल्या कोणा वैद्यमामांनी सांगितले होते. मग त्या शांतपणे म्हणाल्या, “सहा वर्षं मी त्यांना चमच्याने भरवलंय, भाऊजी. त्यांना बोलता येत नव्हतं, पण रडता येत होतं. दुसऱ्यांदा माझ्याच्याने होणार नाही.”

त्यांनी काय काय करून पाहिले तेही सांगितले. रागावल्या होत्या, अबोला धरला होता. मुलीने पुण्याहून फोन केला तर टिपणीसांनी तिलाच धबधब्याचा व्हिडिओ पाठवला. शेवटी दुधीच्या रसात गोळी कुटून घालू का, असे मनुभाईंना फोनवर विचारून झाले होते. मनुभाई म्हणाले होते, चोरून औषध नाही द्यायचे, त्यांना माझ्याकडे घेऊन या. आणि फोन ठेवला होता. टिपणीस जायला तयार नव्हते. तो तीन शब्दांपलीकडे काय सांगणार?

“त्यांचं खरं आहे,” वहिनी म्हणाल्या. “समोर बसलेल्या माणसाचं यांना ऐकूच येत नाही. फोनमधलं तेवढं ऐकू येतं. मग डॉक्टरांनाच फोनमध्ये घालू या.”

मी इतिहासाचा माणूस. बनावट कागदपत्रांवर मी वर्षानुवर्षे व्याख्याने दिली आहेत. मी म्हटले, हे फसवणे होईल. वहिनी म्हणाल्या, “फसवणं कसलं? डॉक्टर खरे, गोळी खरी, बोलणं खरं. बासरी तेवढी आपण घालायची.”

दुसऱ्या दिवशी आम्ही रिक्षाने पाणीगेटला गेलो. दादर वहिनींनी कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत चढला. मनुभाईंना हेतू समजायला वेळ लागला आणि समजल्यावर ते खूश झाले नाहीत. पण पेशंट येत नाही म्हटल्यावर पेशंटपर्यंत जायला हवे, एवढे त्यांना पटले. मी फोन धरला. मनुभाई कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, “गोळी चालू राखजो,” आणि पुढच्या पेशंटला आत बोलावले. घरी जाऊन पाहिले तर व्हिडिओ चार शिंका येतील एवढ्या वेळात संपत होता.

पुन्हा गेलो. या वेळी वहिनींनी विनवले, जरा समजावून सांगा. मनुभाई समजावू लागले. त्यांनी सुरुवात मूत्रपिंडाच्या रचनेपासून केली. तीस वर्षांचे न बोललेले सगळे त्या दिवशी बाहेर पडत असावे. रक्तदाबापर्यंत ते पोहोचण्याआधी माझा हात भरून आला आणि पुढचे सगळे चित्रण टेबलावरच्या पेपरवेटचे झाले.

तिसऱ्यांदा दादर चढून वर आल्यावर वहिनी काही वेळ बाकावर डोळे मिटून बसल्या. मग त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला, स्वतः मनुभाईंच्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, “डॉक्टर, यांना सांगताय असं समजू नका. मामंजींना सांगताय असं समजा. तुम्हीच येत होता त्यांना बघायला.”

मनुभाईंनी चष्मा काढून पुसला. मग ते आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत बोलले. ते म्हणाले की ब्लडप्रेशर दुखत नाही, हाच त्याचा लुच्चेपणा आहे. दुखत नाही म्हणून माणसाला वाटते आपण बरे झालो, आणि बरे वाटते ते गोळीमुळेच. तो गोळी सोडतो आणि मग एका सकाळी हात उचलत नाही. “बंद करायची असेल तर मला विचारा. मी नाही म्हणेन. पण विचारा. त्या वेळी मला कोणी विचारलं नव्हतं.”

शेवटचे वाक्य बोलून ते खिडकीकडे बघू लागले. वहिनींनी फोन बंद केला.

सजावट घरी झाली. वहिनींनी बासरी शोधून काढली. लाल बाण मी घातला; तो मनुभाईंच्या कानाकडे रोखला गेला होता, पण अशा व्हिडिओंमध्ये बाणाने काही दाखवावे अशी अपेक्षा नसते. मथळा हवा होता. आयुष्यभर मी विद्यार्थ्यांना भडक मथळ्यांपासून सावध करत आलो. त्या दुपारी मी लिहिले : ‘ही चूक तुम्हीही करताय? शेवटपर्यंत बघा!’ माझ्या नावावर जी काही प्रकाशने आहेत त्यांतल्या कशालाही इतके वाचक मिळाले नाहीत.

आमच्याकडून गेला असता तर टिपणीसांनी तो उघडला नसता. म्हणून वहिनींनी तो इंदूरला बहिणीकडे पाठवला. बहिणीचे यजमान टिपणीसांच्याच कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी तो जुन्या मंडळींच्या ग्रुपवर टाकला आणि तिथून तो इतक्या लोकांनी पुढे ढकलला, की दोन दिवसांनी टिपणीसांकडे आला तेव्हा त्यावर ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ अशी खूण होती. ही खूण सावधगिरीसाठी असते. टिपणीस तिला प्रमाणपत्र समजत.

सकाळी बेल वाजली. दारात ते, हातात फोन. मला बसूही न देता त्यांनी तो दाखवला. मी प्रथमच पाहत असल्यासारखा चेहरा केला. मला वाटते बरा जमला. व्हिडिओ संपल्यावर टिपणीस म्हणाले, “ओळखलंत? आमचे मनुभाई. बघा कसं सरस समजावलंय. आणि समोर बसलं की तीन शब्द.” मग थोडा विचार करून त्यांनी मानवी स्वभावाबद्दल एक निष्कर्ष काढला : “काही माणसं व्हिडिओतच मोकळी होतात.”

ते गोळी लगेच चालू करणार असे मला वाटले. पण नाही. बंद प्लांट असा चालू करत नाहीत. त्यासाठी परमिट लागते, आणि शटडाउनपेक्षा स्टार्टअपच धोक्याचा असतो. परमिट मनुभाईंचे. टिपणीस त्याच दुपारी बूट घालून पाणीगेटला गेले. मी आणि वहिनी दोघांनी सुटकेचा श्वास टाकला आणि चहा केला. एक गोष्ट आम्ही विसरलो होतो. मनुभाईंना आम्ही व्हिडिओत बोलायला शिकवले होते, खोटे बोलायला शिकवले नव्हते.

पुढचे मला मागाहून कळले. मनुभाईंनी रक्तदाब मोजला, आकडा बघितला आणि टिपणीसांना आतल्या कॉटवर आडवे केले. काय झाले असते ते त्यांनी या वेळी समोरासमोर सांगितले. मग टिपणीसांनी मोठ्या मनाने व्हिडिओबद्दल त्यांचे अभिनंदन केले. मनुभाई म्हणाले, “सुलभाबेनचे गुडघे कसे आहेत? तुमच्यासाठी तीन वेळा दादर चढल्या.”

टिपणीस संध्याकाळी परतले ते घरी न जाता आमच्याकडे आले. मिशी खाली आली होती. मी तयारीतच होतो. माफी मागायची का समर्थन करायचे एवढेच ठरले नव्हते. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, “मथळा तुमचा ने?” मी हो म्हटले. “वाटलंच. एकही चूक नव्हती. फॉरवर्डमध्ये असं होत नाही.” मग त्यांनी वाकून बुटाची नाडी सैल केली. नंतर त्यांनी विचारले, “तिथे तिने बाबांचं नाव काढलं?”

मी जे घडले ते सांगितले. दादर, बाक, मिटलेले डोळे, सगळे. त्यांनी मध्ये एकदाही फोनला हात लावला नाही. सांगून झाल्यावर ते म्हणाले, “गुडघ्यांचे किती व्हिडिओ असतील माझ्याकडे, खबर नाही. तिचे गुडघे कोणते, डावा जास्त दुखतो का उजवा, हे पण मला खबर नाही.”

मी विचारले, रागावलात का? ते म्हणाले, रागावायला त्यांना हक्कच नाही. हा निअर मिस आहे. मग त्यांनी मला समजावले, जुन्या आवाजात, पण हळू. कारखान्यात अपघात झाला तर चौकशी होतेच. पण अपघात होता होता राहिला, कोणाला खरचटलेसुद्धा नाही, तरीही तो ज्याच्या हातून घडला त्याने चार लोकांसमोर उभे राहून सांगायचा असतो : काय झाले, का झाले, परत होऊ नये म्हणून काय करणार. त्यांनी शेकडो कामगारांकडून हे वदवून घेतले होते. “लपवणाऱ्याला मी कधी माफ केलं नाही, प्रोफेसर. आता मी काय करू?”

त्यांनी जे केले ते आमच्या सोसायटीत अजून सांगतात. दुसऱ्या सकाळी ते दिवाणखान्यात खुर्ची ठेवून बसले आणि वहिनींना फोन धरायला सांगितला. बासरी नाही, बाण नाही. मी दारात उभा होतो. टिपणीस कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले : मी टिपणीस, निवृत्त, सुरक्षा विभाग. मी बीपीची गोळी डॉक्टरला न विचारता बंद केली. का केली, तर एका अनोळखी माणसाने धबधब्यासमोर उभं राहून सांगितलं आणि मला ते माझ्या भाषेतलं वाटलं. माझ्या वडिलांना याच कारणाने अर्धांगवायू झाला होता, हे मला माहीत होतं. माहीत असून केली. अपघात झाला नाही, त्याचं श्रेय माझं नाही. माझी बायको दुखऱ्या गुडघ्यांनी तीन वेळा दादर चढली, त्याचं आहे.

इथे ते थांबले. परत होऊ नये म्हणून काय करणार, हा भाग राहिला होता. ते आठवून आठवून बोलल्यासारखे म्हणाले, “परत होऊ नये म्हणून, यापुढे समोरच्या माणसाला...” वाक्य पुरे होईना. फोनच्या मागून वहिनींचा आवाज आला, “आजची घेतलीत का?”

टिपणीस दचकले. घेतली नव्हती. ते उठून आत गेले. वहिनींना फोन बंद करायचे सुचले नाही. पडद्यावर नुसती खुर्ची राहिली, मागे भिंत, आणि आतून डबी उघडल्याचा, मग माठातून पाणी घेतल्याचा आणि शेवटी ओट्यावर पेला ठेवल्याचा आवाज. तो व्हिडिओ त्यांनी तसाच सगळ्या ग्रुपवर पाठवला. उत्तरादाखल पुष्कळ जोडलेले हात आले, काही फुले आली, आणि कारखान्याच्या एका जुन्या सहकाऱ्याने दुधीच्या रसाचे फायदे सांगणारा व्हिडिओ पाठवला.

त्यानंतर टिपणीस एकदम शहाणे झाले असे मी म्हणणार नाही. फोन त्यांनी सोडला नाही. फक्त आता व्हिडिओ दाखवून झाल्यावर ते विचारत, “तुमच्या डॉक्टरला विचारलंत?” आणि समोरचा नाही म्हणाला की त्याला कामगारासारखे उभे करून झापत. वहिनींचे गुडघे दाखवायला ते त्यांना गाडी करून हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी पुष्कळ वेळ समजावले. ते सगळे ऐकताना टिपणीसांना किती त्रास झाला ते वहिनी हसत सांगत, पण त्यांनी ऐकले. डावा जास्त दुखतो, हे त्यांना आता माहीत होते.

गेल्या हिवाळ्यात ते गेले, न्युमोनियाने. शेवटच्या दिवशी ते स्वतःच्या पायांनी गाडीत जाऊन बसले, ड्रायव्हरला पट्टा लावायला सांगितला आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत बोलत होते. पुढे चारच दिवस. वहिनींना कोणाला चमच्याने भरवावे लागले नाही.

मुलगी त्यांना पुण्याला नेणार होती. सामान बांधून झाल्यावर वहिनी आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, माझ्या नव्या फोनमध्ये यांचा तो व्हिडिओ नाही, तुमच्याकडे आहे ना? मी पाठवला. त्यांनी तिथेच बसून उघडला आणि बोटाने भराभर पुढे सरकवू लागल्या. टिपणीसांचे भाषण, वडिलांचा उल्लेख, त्यांचा स्वतःचा उल्लेख, सगळे मागे गेले. मी म्हटले, अहो, ते तुमच्याबद्दल बोललेत तो भाग गेला.

“ते पाठ आहे मला,” त्या म्हणाल्या, आणि रिकाम्या खुर्चीपाशी येऊन थांबल्या. मग त्यांनी आवाज वाढवला, फोन कानाजवळ धरला आणि आतून पेला ओट्यावर ठेवल्याचा आवाज येईपर्यंत ऐकत राहिल्या.